हाताने दिलेल्या चेंडूचा आवाज

ट्रॅव्ह हेनिगने क्लबच्या हॉलमध्ये गावाला बोलावलं तेव्हा गव्हाची कापणी उरकून बरेच दिवस झाले होते आणि पेरणीला अजून अवकाश होता. फेब्रुवारी, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा. पत्र्याखाली बसवत नव्हतं, तरी खुर्च्या कमी पडल्या. नवा कोच काय सांगतो ते ऐकायला लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मी आणि अर्न नोस्के दाराजवळ बसलो. अर्नला वारा लागतो म्हणून दाराजवळ बसतो, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

खरं म्हणजे दाराजवळ बसलं की निघताना त्याला खुर्च्यांमधून वाट काढावी लागत नसे.

अर्नची नजर मधोमध विरघळत चालली होती. कडेकडेचं काही दिसायचं, पण समोर उभं असलेलं माणूस म्हणजे नुसतं धुकं. शहरातल्या डॉक्टरने सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही. गावात हे एकट्या मला माहीत होतं, कारण डॉक्टरकडे त्याला मीच नेलं होतं. बाकीच्यांना त्याने गुडघ्याची सबब सांगितली होती. गुडघा दुखतो म्हणून गाडी चालवत नाही, गुडघा दुखतो म्हणून चर्चच्या पायऱ्या सावकाश उतरतो. त्याची बायको गेली, त्याच्या आधी माझा नवरा वॉल गेला. अर्न आणि वॉल एका संघातून खेळलेले. तेव्हापासून हिवाळ्यातल्या प्रत्येक शनिवारी अर्न माझ्या गाडीत बसून आमचा हातापायांनी खेळायचा फुटबॉल, फुटी, बघायला येतो. बघायला म्हणजे तुम्ही समजा.

ट्रॅव्हने टेबलावर चहाचे कप मांडले. हे आपले गडी, म्हणाला. मग आम्ही आजवर कसे खेळत आलो ते त्याने कप सरकवून दाखवलं. ज्याच्या हातात चेंडू येईल त्याने तो बुटाने उंच, लांब मारायचा, आणि पुढे उभ्या असलेल्या उंच गड्याने उडी मारून झेलायचा. त्यात चूक काही नव्हती. पण उंच पोरं पश्चिमेकडे खाणींवर कामाला गेली. आता उरलेत ते बुटके आणि चपळ. उंच मारलेला चेंडू त्यांच्या डोक्यावरून जातो आणि पलीकडच्या संघाला मिळतो. गेल्या काही वर्षांत आपण हरतोय ते यामुळे. तर या हंगामात चेंडू तळव्यावर धरून मुठीने ढकलून द्यायचा. या हातातून त्या हातात, आपल्या गोलच्या खांबांपासून थेट मैदानाच्या मधून. वाट बंद दिसली तर मागे द्यायचा, दुसऱ्या अंगाने न्यायचा. घाई नाही.

लोक माना डोलवत होते. आमच्या गावात माना एवढ्या सहज डोलत नाहीत.

शेवटी ट्रॅव्ह आमच्याकडे वळला. म्हणाला, "तुम्हालाही एक सांगायचंय. चेंडू मागे गेला की कुंपणावरून तुम्ही 'मार, मार' करता. या वर्षी नका करू. पोरं तुमच्या आवाजावर वाढलीत. माझं ऐकायच्या आधी तुमचं ऐकतात."

यावर एकेकाळी संघात खेळलेला रस पेचेल म्हणाला की मग पहिल्यांदा अर्नचं तोंड पेंढ्या बांधायच्या सुतळीने बांधावं लागेल. हॉल हसला. अर्नही हसला. त्याचं 'मार' धान्याच्या कोठारापर्यंत ऐकू जातं, हे खोटं नव्हतं.

घरी जाताना रेल्वेचं फाटक आलं. ते ओलांडल्यावर अर्न म्हणाला, "मर्ल, हाताने दिलेल्या चेंडूला आवाज नसतो."

तो काय म्हणतोय ते मला लगेच कळलं.

बुटाचा आवाज आला की अर्नला मैदान दिसायचं. चेंडू नीट बसला तर धप्प, नखावर लागला तर चिरका. किती लांब गेला तेही त्याला आवाजावरून कळे. मग मी हळूच एखादा शब्द टाकायची, 'डावीकडे' किंवा 'पेचेलचा पोरगा', आणि बाकीचं तो जुळवून घ्यायचा. गोल झाला की कुंपणाला नाक लावून उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजतात, त्यात माझा हॉर्न तो माझ्या आडून हात घालून वाजवायचा. पंचाला 'आंधळा आहेस का' असं सगळ्यांत मोठ्याने तोच विचारायचा. कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं.

"तो धप्प आवाज गेला की मला राहिलं काय," तो म्हणाला. "गाडीत बसून तुझं तोंड बघायचं? तेही दिसत नाही."

"बघण्यासारखं राहिलेलं नाही," मी म्हटलं.

पुढचे कितीतरी दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. बेकरीत पावाच्या रांगेत, कोठाराच्या काट्याशी, पबात, प्रार्थना संपल्यावर चर्चच्या अंगणात, जिथे तिथे मुठीचा खेळ. ज्या माणसांनी आयुष्यात पावसालाही बरं म्हटलं नव्हतं ती ट्रॅव्ह हेनिगला बरं म्हणू लागली. शेजारच्या वेरिल्ला गावच्या लोकांना हे कळायच्या आत आपण चार सामने जिंकलेले असू, असं बेकरीतला माणूस मला सांगत होता. मी ऐकून घेतलं. मार्चमध्ये कुणीच हरलेलं नसतं. पेरण्याआधीच्या शेतासारखंच ते. उघडी जमीन बघत उभं राहायचं आणि मनात कमरेइतका गहू वाऱ्यावर हलवायचा.

मलाही आशा वाटत होती, हेच मला अवघड जात होतं. एका संध्याकाळी मी मुद्दाम मैदानाकडे गेले. पोरं सराव करत होती. निखाऱ्यातून काढलेला बटाटा एकाने दुसऱ्याकडे टाकावा, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तसा चेंडू जात होता. गवत वाळून पिवळं पडलेलं, जमीन पाटासारखी टणक, आणि त्यावर ही पोरं पाण्यासारखी वाट काढत चाललेली. वॉलने हे बघायला हवं होतं असं वाटलं. मग मी डोळे मिटले. बुटांची घासघास आणि दम लागलेले श्वास, याशिवाय काही ऐकू आलं नाही. पोरं तोंडातून शब्द काढत नव्हती. ट्रॅव्ह एकटाच मधे उभा राहून ओरडत होता.

अर्न मात्र जिथे जाईल तिथे या नव्या खेळाला नावं ठेवत होता. चेंडू मागे देणं म्हणजे विकलेलं शेत परत घेण्यासारखं आहे, म्हणे. पाय दिलेत ते कशाला, म्हणे. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला नवं सोसत नाही. रस पेचेलने बेकरीत त्याला सरळ विचारलं, की अरे, ट्रॅक्टर आला तेव्हाही तू असाच रडला होतास का. रसचा थोरला, जेट, यंदा मागच्या फळीत खेळणार होता. चेंडूची सुरुवात त्याच्याच हातून व्हायची होती. त्यामुळे अर्नचं बोलणं रसला जास्त लागत होतं.

मी अर्नला म्हटलं, सांगून टाक ना लोकांना.

"सांगितलं की काय होतं माहितेय?" तो म्हणाला. "लोक माझ्याशी हळू बोलायला लागतील. आजाऱ्याशी बोलतात तसं. कुणी माझी थट्टा करणार नाही. आणि पंचाला आंधळा कुठल्या तोंडाने म्हणू?"

त्यानंतर थोड्या दिवसांनी त्याने सांगितलं की यंदा तो मैदानावर येणार नाही. रेडिओवर शहरातले सामने ऐकेल. रेडिओवरचे लोक सगळं नीट सांगतात. मी ठीक आहे म्हटलं, पण मला ते ठीक वाटत नव्हतं. अर्नचा आठवडा शनिवारच्या खुंटीला टांगलेला होता. रविवारी आदल्या दिवशीच्या सामन्याची उजळणी, बुधवारी पुढच्याची चर्चा, शुक्रवारी दाढी. रेडिओसाठी कुणी दाढी करत नाही. खुंटी उपटली तर तो माणूस घरात कुठल्या भिंतीशी बसून राहील ते मला दिसत होतं. मी एवढंच मागितलं, की वेरिल्लाबरोबर सराव सामना आहे, तेवढा ये. मग काय ते ठरव. तो कबूल झाला. माझा मान राखायला, दुसरं काही नाही.

सराव सामन्याच्या दिवशी ऊन कलतं झालं तरी गाडीचं दार हाताला चटका देत होतं. आम्ही लवकर जाऊन नेहमीच्या जागी, कुंपणाला नाक लावून गाडी उभी केली. रस क्लबच्या खोलीबाहेर तव्यावर सॉसेज भाजत होता, धूर आमच्याकडे येत होता. गर्दी बरीच होती. हंगामाआधीच्या सामन्याला एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती.

पहिलं सत्र अर्नला फार जड गेलं. मी सांगायचा प्रयत्न करत होते, पण माझी जीभ पोरांच्या मागे राहत होती. 'जेटकडे' म्हणेपर्यंत चेंडू तिसऱ्याकडे पोचलेला. त्यात लोकांनी ट्रॅव्हचं ऐकून तोंडं मिटलेली. कुंपणावर अशी शांतता की चर्चमध्ये नसते. अर्न खिडकीवर कोपर ठेवून, मान वाकडी करून बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "तू गप्प राहा. दोन्हीकडून गोंधळ नको." मी सांगणं थांबवलं.

दुसऱ्या सत्रात एकदा ते जमलं. आमच्या खांबांपासून चेंडू हातोहात निघाला आणि मैदानाच्या मधून, वेरिल्लाच्या माणसांना शिवू न देता, पलीकडच्या खांबांपर्यंत पोचला. शेवटी एक छोटीशी लाथ, आणि गोल. गाड्यांचे हॉर्न एकदम उठले. मी अर्नकडे पाहिलं. सगळे वाजवतात म्हणून त्यानेही हात घालून हॉर्न वाजवला. गोल झाला एवढंच त्याला कळलं, कसा झाला ते नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मग ते घडलं. चेंडू जेटकडे होता, आमच्याच खांबांपुढे. पुढची वाट बंद होती. ट्रॅव्हने शिकवलं होतं तसा तो चेंडू घेऊन थांबला होता, पलीकडून कुणी मोकळा होईल याची वाट बघत. बरोबर करत होता. सगळं मैदान श्वास धरून होतं. पण अर्नला एवढंच कळत होतं की बराच वेळ काही वाजलेलं नाही, चेंडू आपल्याच खांबांजवळ आहे आणि सगळे गप्प आहेत. आमच्या गावात असं गप्प राहणं म्हणजे पोरगा अडकलाय.

त्याने खिडकीतून डोकं काढलं आणि पोटातून ओरडला, "मार! लांब मार!"

जेटने मारला. विचार न करता, लहानपणापासून तो आवाज ऐकून मारत आला होता तसाच. चेंडू उंच गेला आणि वेरिल्लाच्या सगळ्यांत उंच माणसाच्या छातीवर उतरला. त्याने तिथूनच गोल केला.

जेट कमरेवर हात ठेवून खाली बघत उभा राहिला. सॉसेज उलटायचा चिमटा हातात घेऊन रस कुंपणापर्यंत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "अर्न, आंधळा झालास का रे? पोरगा बरोबर उभा होता."

लोक हसले. ते शब्द अर्नचेच होते, वर्षानुवर्षं पंचांना घातलेले, म्हणून जास्तच हसले. अर्नने खिडकीची काच वर केली. म्हणाला, "घरी चल."

खेळ चालू असताना कुंपणावरून गाडी काढलेली आमच्याकडे खपत नाही. लोक वर्षभर विसरत नाहीत. मी म्हटलं, मध्यंतर होऊ दे, मग निघू. बंद काचेच्या आत भट्टी झाली होती, तरी त्याने काच खाली केली नाही. मी किल्ली हातात धरून बसले. मला वाटलं, झालं, संपलं हे.

भोंगा वाजला. आमच्या रिवाजाप्रमाणे कुंपणावरची माणसं आत उतरली. म्हातारे, बायका, कडेवर पोरं घेतलेले, सगळे वाळलेल्या गवतावरून चालत मधल्या घोळक्याकडे निघाले. कोच खेळाडूंना काय सांगतो ते उभं राहून ऐकायचा गावाला हक्क आहे. मी किल्ली लावली. गाडी सुरू करणार एवढ्यात अर्नने त्याच्या बाजूचं दार उघडलं.

"हात दे," तो म्हणाला.

चारचौघांत त्याने माझा हात कधी धरला नव्हता. आम्ही निघालो. मैदान टणक, पण बुटांनी उकरलेले खड्डे होते, आणि तो पाय आधी चाचपून मग टाकत होता. लोक बघत होते. बहुतेकांना गुडघाच वाटला असेल.

आम्ही पोचलो तेव्हा ट्रॅव्ह जेटला समजावत होता, फार न रागावता. अर्नने माझा हात सोडला नाही. म्हणाला, "ट्रॅव्ह, मघाशी ओरडलो तो मी."

"पलीकडच्या गावानेही ऐकलं," ट्रॅव्ह म्हणाला. थोडे लोक हसले.

"मला दिसत नाही," अर्न म्हणाला. "दोन वर्षं होतील. हिला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही. चेंडू बुटाला लागला की मला कळतं कुठे आहे. हाताने गेला की कळत नाही. मला वाटलं पोरगा अडकला." मग जरा थांबून, चिडल्यासारखा, "आणि ही पोरं मुकी का खेळतात तेवढं सांग. आम्ही खेळायचो तेव्हा एकमेकांच्या नावाने शंख करायचो."

जिची त्याला भीती होती तीच शांतता पसरली, आजाऱ्याच्या खाटेभोवतीची. ती मोडली ट्रॅव्हने. त्याने टोपी काढली, घाम पुसला आणि पोरांकडे वळला.

"ऐकलंत? सरावाच्या पहिल्या दिवसापासून मी वेगळं काय सांगतोय? चेंडू हवा असेल तर मागा. ज्याच्याकडे आहे त्याचं नाव घेऊन मागा. तुम्हाला लाज वाटते. जेट मघाशी थांबला तेव्हा दोघं मोकळे होते, एकानेही तोंड उघडलं नाही. मग त्याला एकच आवाज आला, अर्नचा. तो त्याने ऐकला. चूक कुणाची?"

पोरं बूट बघत राहिली.

"आता अर्नला कळेल इतक्या मोठ्याने मागा," ट्रॅव्ह म्हणाला. "त्याला कळलं तर जेटलाही कळेल."

जेट हळूच म्हणाला, "अर्न, तू 'मार' म्हणालास म्हणून मला वाटलं पुढे कुणीतरी असेल."

"कोण होतं पुढे?"

"अख्खं वेरिल्ला."

हसू आलं ते अर्नला सगळ्यांत आधी. मग बाकीच्यांना.

परतताना रस आमच्यामागून आला. चिमटा अजून हातात होता, तो त्याने मागच्या खिशात खोचला आणि अर्नचा दुसरा हात धरला.

"दोन्हीकडून धरलंत तर लोकांना वाटेल पोलीस नेतायत," अर्न म्हणाला.

"न्यायलाच पाहिजे तुला," रस म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. मला हायसं वाटलं. अर्नलाही वाटलं असावं, कारण त्याने रसचा हात झटकला नाही.

त्याला गाडीत बसायचं नव्हतं. कुंपणाच्या आडव्या नळीवर दोन्ही हात ठेवून तो उभा राहिला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रस. सॉसेज करपू लागली तेव्हा रसने ओरडून दुसऱ्या कुणाला तरी तव्यापाशी जायला सांगितलं.

तिसऱ्या सत्रात पोरं बोलू लागली. सुरुवातीला लाजत, मग जरा मोठ्याने, आणि मग एकमेकांच्या वर चढून. नावं मैदानभर उडत होती. अर्न काही सांगत नव्हता. ओठ हलत होते, तेवढंच. निम्म्या वेळा तो भलत्याच बाजूला तोंड करून उभा असे, आणि एकदा तर वेरिल्लाच्या पोराचा आवाज आपला समजून त्याने शाबासकी दिली. पण कधीकधी चेंडू कुठे जाणार ते त्याची मान आधी वळून सांगायची. पलीकडच्या टोकाला कुणीतरी न राहवून 'मार' ओरडलं तेव्हा त्याने नळीवर थाप मारली आणि म्हणाला, गप्प बसा, ऐकू द्या.

चेंडू मागे आला, आमच्या बाजूला. जवळूनच कुणीतरी भसाड्या आवाजात मागितला. अर्न एकदम सावध झाला.

"रस, तू आत काय करतोयस?"

"मी इथेच आहे, तुझ्या शेजारी," रस म्हणाला. "तो जेट."

अर्नने कान दिला. आवाज पुन्हा आला, आता लांबून, मैदानाच्या मधून.

"तुझ्यापेक्षा बरा आहे," तो म्हणाला. "तू कधी मागितलाच नाहीस. मिळाला की मारायचास."

रस यावर काहीतरी बोलला, ते मी लिहीत नाही.

तो सामना आम्ही हरलो. फार नाही, थोडक्यात. चौथ्या सत्रात पोरांचा दम गेला आणि दमाबरोबर आवाजही गेला. पण गाडीकडे येताना लोक हरल्यासारखे बोलत नव्हते. वेरिल्लाला अजून कळलेलं नाही, असंच सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी अर्नला दार उघडून दिलं. आजपर्यंत मी हे असं उघडून देत नसे, तो स्वतः चाचपत बसायचा. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं, तर त्यानेही नको म्हटलं नाही.

मी किल्ली फिरवली तेव्हा त्याने विचारलं, डावीकडून धावत होता तो बारीक आवाजाचा पोरगा कोण. मला सांगता येईना. यंदा दोन-तीन नवे आलेत, त्यातला कुणी असेल, मी म्हटलं.

"पुढच्या शनिवारपर्यंत विचारून ठेव," अर्न म्हणाला, आणि काच खाली केली.